सहाशे युनिट

एखाद्या घराची कमाई किती असेल, याचा अंदाज मला दिवाणखाना पाहून येत नाही. सोफा हप्त्यावर येतो, टीव्ही कुणीतरी लग्नात दिलेला असतो. मेन बोर्ड उघडला की मात्र बरंच कळतं. जुन्या नाशकात, तिवंध्याच्या बाजूला काही वाड्यांत अजून लाकडी पट्टीवर ठोकलेली वायर आणि चिनी मातीचे किटकॅट फ्यूज सापडतात. सिडकोतल्या पहिल्या योजनांमधली घरं मुळात लहान. लोकांनी ऐपत येईल तसा मजला चढवला आणि प्रत्येक वाढीव खोलीबरोबर वायरला एक जोड पडला. असा बोर्ड उघडला की त्या कुटुंबाची सगळी वर्षं समोर येतात. हा जोड मुलाच्या लग्नाआधीचा, हा गीझर घेतला तेव्हाचा, आणि ही जाड वायर एसीसाठी मागाहून ओढलेली. गंगापूर रोडच्या नव्या बंगल्यात असं काही दिसत नाही. तिथं थ्री फेज कनेक्शन, एमसीबींची भरगच्च पेटी आणि प्रत्येक बेडरूममध्ये एसीचा पॉइंट. माणसं राहायला यायच्या आधीच.

मी वायरमन आहे. सातपूरच्या आयटीआयत शिकलो, लायसन्स काढलं, आणि तेव्हापासून या शहरात घरोघरी वायर ओढत आलोय. उत्पन्न वाढलं की घरातला विजेचा वापर वाढतो, असं सगळेच म्हणतात. ते खरंही आहे. पण ज्यांच्या घरात शिडी लावून मी पंखे टांगले, त्यांच्याकडे पाहिलं की या वाक्याचा बराचसा भाग अजून सांगायचाच राहिलाय असं वाटतं.

घरात वस्तू येतात त्यांचा एक क्रम ठरलेला असतो. आधी पंखा, मग टीव्ही. त्यानंतर मिक्सर, फ्रिज, कूलर. पुढे गीझर आणि वॉशिंग मशीन. एसी सगळ्यात शेवटी. एखादी वस्तू मागंपुढं होते, पण फार नाही. या क्रमात मला कायम खुपत आलेली वस्तू म्हणजे मिक्सर. पाचशे वॉटचा मिक्सर रोज दहा मिनिटं चालला, तर महिन्याला जेमतेम अडीच युनिट वीज खातो. साठ वॉटचा टीव्ही रोज पाच तास चालला की नऊ युनिट होतात. तरी टीव्ही आधी आला, कारण पाट्यावर वाटण वाटायला घरात बाईचे हात होते आणि त्या हातांचा हिशेब कोणी मांडत नव्हतं. आमच्या घरीही तसंच झालं. आईचे खांदे भरून यायचे. मिक्सर आला तेव्हा ती पहिल्या दिवशी तीन प्रकारच्या चटण्या करून बसली होती. महिन्याला अडीच युनिट विजेनं एका माणसाचं एवढं दुखणं कमी होतं, हे मला तेव्हा कळलं. पुढं ज्या घरात वायरिंग केलं तिथं ओट्याजवळ मिक्सरचा पॉइंट आहे का, हे मी स्वतःहून विचारत आलो.

फ्रिज कधी येतो, हेही पाहण्यासारखं आहे. पगार वाढला की येतो असं वाटतं. पण तो येतो पगार पक्का झाल्यावर. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात माणसं दोन प्रकारची : परमनंट आणि कॉन्ट्रॅक्टवाले. कॉन्ट्रॅक्टवर असलेला ओव्हरटाइम करून एखाद्या महिन्यात चांगले पैसे आणतो, पण पुढच्या महिन्यात काम असेल की नाही हे त्याला माहीत नसतं. त्यामुळे हप्त्याची वस्तू तो घेत नाही. परमनंट झाल्याचं पत्र हातात आलं की त्याच वर्षात घरात फ्रिज येतो, माझ्याकडे नवीन पॉइंटचं काम येतं, आणि लाईट बिल एका पायरीनं वर जातं. मग कित्येक वर्षं ते तिथंच राहतं. पुढं पगार थोडा थोडा वाढत जातो, तरी बिल हलत नाही, कारण नवीन वस्तू आलेली नसते. विजेचा वापर असा पायरी-पायरीनं चढतो, आणि प्रत्येक पायरीवर एक वस्तू असते.

जर्मनीतल्या एर्न्स्ट एंगेल नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १८५७ मध्ये दाखवलं होतं, की कुटुंबाची कमाई जसजशी वाढते तसतसा त्यातला अन्नावर जाणारा वाटा कमी होत जातो. विजेचं सरळ तसं होत नाही. तळाच्या घरात कमाई वाढली की वस्तू येतात, आणि विजेचा वाटा काही काळ वाढतोसुद्धा. बऱ्याच वर नंतर कुठंतरी तो उतरायला लागतो, कारण माणूस कितीही कमावता झाला तरी एका वेळी एकाच खोलीत झोपतो.

इथवरचं सगळं कुणालाही पटेल. पण मला ज्याबद्दल बोलायचं आहे ती गोष्ट अंबडच्या एका चाळीत आहे.

दहा खोल्या एका ओळीत, वर सिमेंटचा पत्रा, पुढं सामाईक ओटा. खोल्यांत खानदेशातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून आलेली माणसं. बहुतेक सगळे अंबडच्या कारखान्यांत कॉन्ट्रॅक्टवर. ओट्याच्या टोकाला पत्र्याची एक पेटी आहे. तिच्यात वीज कंपनीचं एकच मीटर, आणि त्याखाली लाकडी फळीवर स्क्रूनं आवळलेले दहा लहान सबमीटर. प्रत्येकावर ऑइलपेंटनं खोलीचा नंबर घातलाय. महिन्याच्या एक तारखेला मालक वही घेऊन येतो, बॅटरीच्या उजेडात आकडे टिपतो, मागचा आकडा वजा करतो आणि फरकाला पंधरानं गुणतो. पंधरा रुपये युनिट.

एका खोलीत मी पंखा दुरुस्त करायला गेलो होतो. नवरा-बायको आणि तान्हं मूल. नवऱ्याला आठवड्याआड नाईट शिफ्ट. तो सकाळी येऊन झोपला की पंखा त्याच्यासाठी चालू. रात्री बायको आणि बाळ झोपतात तेव्हा त्यांच्यासाठी चालू. मधल्या वेळात पत्रा इतका तापलेला असतो की पंख्याशिवाय बसणंच शक्य नाही. थोडक्यात, पंखा बंद होतच नाही. पंचाहत्तर वॉटचा जुना पंखा दिवसाचे चोवीस तास चालला तर एक पूर्णांक आठ दशांश युनिट होतात, महिन्याला चौपन्न. दोन एलईडी बल्ब आणि मोबाइलचं चार्जिंग धरून साठ. घरात ना फ्रिज, ना टीव्ही, ना कूलर. साठ युनिट म्हणजे एक पंखा आणि थोडासा उजेड.

नाशिक म्हणजे थंड हवेचं गाव, इथं पंखाही लागत नाही, असं जुनी माणसं अजून म्हणतात. वाड्यांच्या जाड भिंतींत आणि कौलाखाली ते खरं असेल. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो तेव्हा पत्र्याखालची खोली काय होते, हे त्या खोलीत उभं राहूनच कळतं. पत्रा दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत आतल्या माणसांवर उष्णता सोडत राहतो. गंगापूर रोडच्या बंगल्यात स्लॅबवर दुसरा मजला असतो, फॉल्स सीलिंग असतं, खिडकीवर छज्जा असतो. म्हणजे घर बांधतानाच अर्धा उन्हाळा बाहेर ठेवलेला असतो. कमी कमाईच्या घरात गारव्यासाठी वीज जास्त तास लागते, आणि तरी गारवा मिळत नाही.

आता दर बघू. आपल्याकडे घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्यानं चढतात : पहिले शंभर युनिट, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, आणि त्यापुढचे. २०२४-२५ च्या दरपत्रकात महावितरणचा नुसता वीज आकार पहिल्या टप्प्याला ४ रुपये ७१ पैसे होता, दुसऱ्याला १० रुपये २९ पैसे, तिसऱ्याला १४ रुपये ५५ पैसे आणि पाचशेच्या वर १६ रुपये ६४ पैसे. यावर प्रत्येक युनिटला १ रुपया १७ पैसे वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा), महिन्याचा स्थिर आकार आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क होतं. या चढत्या दरांमागचा विचार चांगला आहे आणि मला तो मनापासून पटतो. जो कमी वापरतो तो बहुधा कमी कमावतो, म्हणून त्याला स्वस्तात द्यायची. जो भरपूर वापरतो त्याच्याकडून जास्त घ्यायचे आणि खालच्याचा भार त्यानं उचलायचा.

चाळीतल्या दहा खोल्यांचे साठ-साठ युनिट मिळून होतात सहाशे. प्रत्येक खोलीला आपलं मीटर असतं, तर सगळेच्या सगळे युनिट पहिल्या टप्प्यात बसले असते. वहन आकार, स्थिर आकार, शुल्क सगळं धरून खोलीचं बिल साडेपाचशेच्या आसपास आलं असतं. पण मीटर एकच. मीटरच्या लेखी सहाशे युनिट वापरणारं हे एक घर आहे. त्यामुळे पहिले शंभर युनिट स्वस्त, पुढचे दोनशे दुपटीहून महाग, पुढचे दोनशे तिपटीहून, आणि शेवटचे शंभर सगळ्यात वरच्या दरानं. त्या दरपत्रकानं एकूण बिल नऊ हजारांच्या वर जातं. दहानं भागलं तर खोलीमागे सव्वानऊशेच्या घरात. मालक पंधरा रुपये युनिट लावतो तो लुटतोय असं वाटतं. मलाही आधी तसंच वाटलं होतं, म्हणून मी त्याचं बिल मागून घेतलं आणि ओट्यावर बसून आकडेमोड केली. त्याला युनिट पंधराहून थोडं जास्तच पडत होतं. तो कमवत काही नव्हता, उलट थोडं खिशातूनच घालत होता. पैसे दरपत्रकातच अडकले होते.

त्याच आठवड्यात गंगापूर रोडला एका बंगल्यात काम निघालं. चार माणसं, दोन एसी, गीझर, मोठा फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर. बिल फ्रिजवर चुंबकानं लावलेलं होतं. युनिट सहाशेच्या आसपास.

म्हणजे चाळीतली चाळीसएक माणसं आणि बंगल्यातली चार माणसं, दोघांचं मीटर सारखंच फिरतं आणि बिलही सारखंच येतं. दरपत्रकाला दोन्ही ठिकाणी एकच श्रीमंत घर दिसतं. ज्याचा भार वरच्यानं उचलायचा, तो इथं स्वतःच वरचा म्हणून मोजला जातो आणि दुसऱ्या कुणाचा तरी भार उचलतो. त्या तान्ह्या बाळाच्या घरात महिन्याला पंधरा हजार येतात असं धरलं, तर खोलीचे नऊशे म्हणजे कमाईचे सहा टक्के. तेही एका पंख्यासाठी. बंगल्यात महिन्याला दोन लाख येत असतील, तर नऊ हजारांचं बिल पाच टक्क्यांच्या आत बसतं आणि त्यात दोन एसी चालतात.

उलट दिशेनंही हेच घडतं. बंगल्यात खाली आई-वडील, वर मुलाचा संसार असेल तर दोन मीटर घेता येतात. दोन वेगळे संसार असतील तर ते रास्तच आहे, माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही. सहाशेचे तीनशे-तीनशे झाले की वरचे दोन्ही महाग टप्पे टळतात आणि नुसत्या वीज आकारात महिन्याला दोन हजारांहून जास्त वाचतात. पण एका छताखालच्या दोन संसारांना जी सोय मिळते, ती एका पत्र्याखालच्या दहा संसारांना मिळत नाही.

पंख्याचंच आणखी थोडं सांगतो, कारण अख्खी गोष्ट त्या पंख्यात आहे. हल्ली बीएलडीसी मोटरचे पंखे मिळतात. तेवढीच हवा देऊन ते तीस-पस्तीस वॉट खातात. साध्या पंख्याच्या निम्म्याहून कमी. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही स्टार लेबल सक्तीचं झालं, त्यामुळे दुकानात तारे पाहून निवडता येतो. त्या खोलीत असा पंखा लावला तर महिन्याला तीसएक युनिट वाचतील. पंधरा रुपयांच्या हिशेबानं साडेचारशे रुपये. अडीच-तीन हजारांचा पंखा सहा-सात महिन्यांत फिटला. इतक्या लवकर पैसे परत करणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. पण त्या बाईकडे एका वेळी तीन हजार नाहीत. आणि पंखा मालकाचा आहे, खोली मालकाची आहे, उद्या सोडून जावं लागलं तर पंखा काढून न्यायचा का? मालकानं घ्यावा, तर वाचणारे पैसे भाडेकरूचे, तो कशाला घेईल. म्हणून पंचाहत्तर वॉटचा पंखा गरगरत राहतो. बंगल्यात मात्र सगळे पंखे केव्हाच बदलून झाले. फ्रिजचंही तसंच. नवा पाच ताऱ्यांचा फ्रिज वर्षाला दोनशेएक युनिटांत भागवतो. जुन्या बाजारातून घेतलेला, रबर सैल झालेला फ्रिज त्याच्या दुपटीहून जास्त खातो. वीज वाचवायलाही आधी पैसे लागतात. कमी कमाईच्या घरात वीज कमी लागते हे खरं, पण त्या थोड्या विजेतूनही त्यांना मिळतं आणखी कमी.

एक वस्तू मात्र खऱ्या अर्थानं सगळ्यांच्या घरी पोचली, ती म्हणजे एलईडी बल्ब. २०१५ मध्ये उजाला योजना आली आणि बल्बच्या किमती कोसळल्या. साठ वॉटच्या पिवळ्या बल्बच्या जागी नऊ वॉटचा पांढरा. झोपडीतही तोच, बंगल्यातही तोच. सरकारनं घाऊक खरेदी केली, किंमत उतरली, लोकांनी घेतले. पंख्याचं असं करता आलं तर किती बरं होईल, असं शिडीवर चढताना दर वेळी मनात येतं.

वापर किती, याच्याइतकीच वीज मिळते किती हीही गोष्ट कमाईशी बांधलेली असते. लोडशेडिंगची वर्षं नाशिककर विसरलेले नाहीत. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी नाशिकरोडवरून दिसतात. १९७० पासून तिथं वीज तयार होते, आज २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. सातपूर-अंबडला स्विचगिअर बनतं ते देशभर जातं. आणि त्याच शहरात आम्ही मेणबत्त्या लावून बसायचो. तेव्हा फीडरांचे, म्हणजे एकेका भागाला वीज नेणाऱ्या लाइनींचे, गट केलेले असायचे. ज्या भागात गळती आणि थकबाकी जास्त, त्या भागात लाईट जास्त तास जायची. वसुलीसाठी ते केलं होतं हे कळतं. पण थकबाकी जास्त कुठं असते? जिथं कमाई कमी असते तिथं. आणि त्या भागातला जो माणूस पोटाला चिमटा घेऊन वेळेवर बिल भरायचा, तोही शेजाऱ्यांबरोबर अंधारात बसायचा. कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे इन्व्हर्टरची मागणी वाढली. त्या काळात मी कित्येक इन्व्हर्टर बसवले. पंचवटीतल्या झोपडपट्टीत तेव्हा मी दहावीच्या मुलांना रस्त्याच्या दिव्याखाली वाचताना पाहिलं आहे.

जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या पाड्यांवर आणखी वेगळी अडचण. २०१७ मध्ये सौभाग्य योजना आली आणि बऱ्याच घरांत पहिल्यांदा मीटर बसलं. पण पावसाळा संपला की कुटुंबंच्या कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. घराला कुलूप. वापर शून्य, तरी स्थिर आकार महिन्याच्या महिन्याला चढत जातो. परत येतात तोवर थकबाकी झालेली, आणि ती भरली नाही तर कनेक्शन पीडी होतं, म्हणजे कायमचं तोडलं जातं. मग नव्यानं जोडणी. २००५ च्या राष्ट्रीय वीज धोरणात प्रत्येक कुटुंबाला दिवसाला निदान एक युनिट मिळावं असं म्हटलं होतं. दिवसाला एक युनिट म्हणजे महिन्याला तीस, म्हणजे दहा तास पंखा, दोन दिवे आणि मोबाइल. यात फ्रिज बसत नाही. दारिद्र्यरेषेखालच्या सवलतीच्या दराचा हिशेबही वर्षाला ३६० युनिटांच्या आसपासच घुटमळतो. म्हणजे गरिबाला फ्रिज कधी लागणार नाही, असं गृहीत धरून ही रेघ आखली आहे. पाड्यावर लहान मुलाचं दूध आणि औषध गार ठेवायला फ्रिज लागतो. ती चैन नाही.

हल्ली माझं निम्मं काम सोलरचं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्याहून जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान. चांगली योजना आहे, आणि मी लोकांना आवर्जून घ्यायला सांगतो. त्या सहाशे युनिटांच्या बंगल्यावरही पॅनेल बसले आणि बिल स्थिर आकारावर येऊन थांबलं. पण पॅनेलला स्वतःचं छत लागतं. फ्लॅटवाल्यांना सोसायटीच्या गच्चीवर हक्क सांगावा लागतो, आणि त्यावरून ज्या बैठका होतात त्या मी पाहिल्या आहेत. भाडेकरूला तर छतच नाही. त्याच्या डोक्यावर पत्रा आहे, ऊन भरपूर आहे, आणि त्यातलं एक युनिटही त्याच्या नावावर जमा होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग भाडेकरूंनी आपापलं मीटर का घेऊ नये. कायदा त्यांच्या बाजूनं आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये स्पष्ट लिहिलंय, की जागेच्या मालकानं किंवा तिथं राहणाऱ्यानं अर्ज केला तर वीज द्यायची. ‘किंवा’ आहे त्यात. पण प्रत्यक्ष अर्ज करायला गेलं की मालकाचं संमतीपत्र मागतात, आणि मालक ते देत नाही. त्याच्या नकाराचं कारण मला बरेच दिवस नीट उमगत नव्हतं. बिल तर त्याचंही डोक्यावरून उतरलं असतं. मग एकदा त्यानंच सांगितलं. लाईट बिल भाडेकरूच्या नावावर आलं की तो रहिवासाचा पुरावा. त्यावर रेशनकार्ड होतं, मुलाची शाळा होते, मतदार यादीत नाव येतं. उद्या त्यानं खोली सोडलीच नाही तर? भाडेकरूला नेमका तोच कागद हवा असतो, आणि मालकाला नेमकी त्याच कागदाची भीती. त्या भीतीपायी दहा घरं महिन्याला साडेतीनशे-साडेतीनशे रुपये जास्त भरतात. वर्षाला खोलीमागे चार हजारांहून जास्त. तेवढ्यात दरवर्षी एक बीएलडीसी पंखा आला असता आणि वर पैसे उरले असते.

यावर तोडगा नाही असं नाही. दिल्लीत २०१९ मध्ये भाडेकरूंसाठी वेगळ्या प्रीपेड मीटरची योजना आणली होती, भाडेकरार किंवा भाड्याची पावती दाखवून मीटर घ्यायचं. आपल्याकडे भाडेकरार नोंदवणं कायद्यानं तसंही बंधनकारक आहे. नोंदवलेला अकरा महिन्यांचा करार असेल तर त्यात हा भाडेकरू आहे आणि मुदत इतकी आहे, हे लिहिलेलंच असतं. मालकाचं संरक्षण त्या कागदात आहे, मीटर अडवून धरण्यात नाही. आणि जिथं दहा मीटर बसवायला खरोखर जागा नसेल, तिथं निदान एका मीटरमागे किती चुली आहेत ते मोजून टप्पे तितक्या पटीनं वाढवावेत. दहा खोल्या असतील तर पहिला टप्पा हजार युनिटांचा. पडताळणी अवघड नाही. सबमीटरची फळी समोर असते, खोल्या मोजता येतात, वायरमन एका फेरीत सांगू शकतो.

अंबडच्या त्या मालकाशी मी हेच बोललो. करार नोंदवायचा खर्च कोण करणार, यावर गाडी बराच वेळ अडली होती. शेवटी दोन खोल्यांचे करार नोंदवायला तो तयार झाला, खर्च निम्मा-निम्मा. एक त्या तान्ह्या बाळाची खोली आणि एक तिच्या शेजारची. ओट्याच्या टोकाची भिंत मी मोजून आलो आहे. दहा मीटरच्या पेट्या दोन ओळींत आरामात बसतात, खांबही जवळ आहे, सर्व्हिस वायर फार लागणार नाही. या दोघांचे अर्ज भरून झाले आणि पहिलं बिल हातात आलं, की ते घेऊन उरलेल्या आठ खोल्यांसाठी पुन्हा मालकाकडे जायचं ठरवलं आहे.